तीनशे पानं थांबू द्या, पाणीमहाल छापा

प्रश्न : ताई, मी 28 वर्षांची. सोलापूरच्या पूर्व भागात राहते. वडिलांचा टॉवेलचा पॉवरलूम कारखाना आहे, तिथला हिशेब मी बघते. सुट्टीच्या दिवशी कारखान्यावरच्या खोलीत आम्ही सहा जण जुन्या पद्धतीचे फॅन्टसी टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत, प्रत्येकानं एकेक पात्र होऊन गोष्ट घडवायची. डीएम, म्हणजे डाव रचून खेळवणारी ‘डंजन मास्टर’, मीच असते. खेळ मराठीत चालतो, मध्येच तेलुगू. इतक्या वर्षांत मी स्वतःची एक दुनिया उभी केली, नियमही स्वतःचे केले. इंग्रजीत 300 पानं टाइप झाली आहेत, नमुना सोबत जोडलाय. साठवलेले दीड लाख रुपये घालून 1000 प्रती हार्डबाउंड काढायचा विचार आहे. मित्र म्हणतात, आधी एखाद्या जुन्या गेमला जोडून छोटं सप्लिमेंट, म्हणजे त्याच्या नियमांवर खेळायची पूरक पुस्तिका, काढ. मला ते दुसऱ्याच्या ओसरीवर दुकान मांडल्यासारखं वाटतं. शिवाय ते कायद्यानं चालतं का, हेही ठाऊक नाही. नकाशे आमच्यातल्या एका मित्रानं काढलेत. तो अर्धा हिस्सा मागतोय. बाकीचे म्हणतात, गोष्ट तर सगळ्यांनी खेळून घडवली. वडील म्हणतात, पोरखेळात पैसे घालू नकोस. एक गंमत सांगते. आमच्या गटाला आजही आठवतो तो नळदुर्गच्या पाणीमहालावरून सुचलेला डाव. पण तो मी पुस्तकात घेतलेला नाही, फारच आपल्याकडचा वाटतो. काय करू?

उत्तर :

तुमचे दीड लाख रुपये बँकेतच राहू द्या. त्या 300 पानांतलं एकही पान सध्या छापू नका. छापायचा आहे तो तुम्ही वगळलेला डाव. 32 पानं, नकाशासकट, एखाद्या जुन्या गेमच्या नियमांवर चालणारा.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल याची मला कल्पना आहे. हिशेबाच्या वह्या मिटल्यावर रात्री बसून 300 पानं लिहिणं ही मोठी मेहनत आहे आणि ती वाया गेलेली नाही. पण तुमचं पुस्तक विकत घेऊ शकेल असा माणूस नजरेसमोर आणा. हा खेळ खेळणाऱ्याकडे नियम आधीच असतात, बहुतेकदा एकापेक्षा जास्त संच. त्याच्याकडे नसते ती शनिवारची रात्र. रविवारी दुपारी पाच जण जमणार आणि त्यांना न्यायला जागाच तयार नाही, ही प्रत्येक डीएमची कायमची अडचण. नवे नियम त्याला आणखी अभ्यास देतात. चांगलं सप्लिमेंट त्याची ती रात्र वाचवतं.

ओसरीचा सल मनातून काढून टाका. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये आला तोच मुळी 1000 खोक्यांचा, हातानं भरलेला. तो अर्धवट होता, जागा डीएमनंच बनवायच्या होत्या. ती पोकळी भरायला दोनच वर्षांत बाहेरची माणसं पुढे आली. इलिनॉयमधल्या डिकेटर गावच्या बॉब ब्लेडसॉनं 1976 मध्ये ‘जजेस गिल्ड’ सुरू केलं आणि एका अख्ख्या शहराचा नकाशा विकायला काढला. गल्ल्या, दुकानं, दुकानात कोण बसतं, सगळं त्यात होतं. त्याच गिल्डसाठी जेनेल जॅक्वेज यांनी 1979 मध्ये ‘कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ लिहिलं. आत शिरायला अनेक वाटा, एकमेकींत गुंतलेले मजले, फिरून पुन्हा त्याच दालनात आणणारे जिने. आजही डंजनचा, म्हणजे पात्रं ज्यात शिरतात त्या दालनं-भुयारांच्या जागेचा, नकाशा कसा असावा हे शिकवताना तेच समोर ठेवलं जातं. हे सगळं दुसऱ्याच्या गेमला जोडून केलेलं काम होतं. या छंदाचा निम्मा इतिहास अशाच लोकांनी लिहिला आहे.

आता पाणीमहालाकडे येते, कारण माझा जीव त्यात अडकलाय.

हैदराबाद रस्त्यानं सोलापूरहून तासाभराच्या अंतरावर ती वास्तू उभी आहे. बोरी नदी अडवणारा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला दगडी बांध आणि त्या बांधाच्या पोटात महाल. पावसाळ्यात नर आणि मादी असे दोन धबधबे वरून कोसळतात, खिडकीसमोर पाण्याचा पडदा आणि आत माणूस उभा. ‘फार आपल्याकडचं’ म्हणून तुम्ही हे बाजूला ठेवलंत आणि त्याजागी बर्फाळ डोंगरातलं एल्फांचं, म्हणजे पाश्चात्त्य परीकथांतल्या लोकांचं, राज्य घातलंत. एल्फांची राज्यं जगात हजारो आहेत आणि बर्फ पाहिलेल्यांनी लिहिलेली आहेत. धरणाच्या भिंतीतलं डंजन मी तरी कुठल्या मॉड्युलमध्ये, म्हणजे छापील तयार डावात, पाहिलेलं नाही.

आणि जुने नियम या जागेला किती चपखल बसतात! ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 1981 च्या बेसिक आणि एक्स्पर्ट संचांत डंजनमधला वेळ दहा मिनिटांच्या टर्नमध्ये मोजतात. मशाल सहा टर्न जळते, कंदील चोवीस. दर दोन टर्नला डीएम सहा बाजूंचा फासा टाकतो आणि एक पडला तर भटकं संकट येतं. यात तुम्ही फक्त एक ओळ वाढवायची : वर पाऊस पडतोय आणि ठरावीक टर्ननंतर पाणी एक पायरी चढतं. पार्टीनं, म्हणजे खेळणाऱ्यांच्या पात्रांच्या टोळीनं, मोरी उघडली तर खालची दालनं मोकळी होतात, पण परतीची वाट धबधब्याखाली जाते. मोरी बंद ठेवली तर मशालीला वेळ मिळतो, पण खजिन्याचं दालन बुडतं. खेळणारे यावरच तासभर वाद घालतील, आणि तो वाद म्हणजेच खेळ. त्या एका ओळीपलीकडे तुम्हाला एकही नवा नियम शोधावा लागणार नाही.

खजिन्याचंही तसंच. या खेळांत अनुभवाचे गुण मुख्यतः बाहेर आणलेल्या संपत्तीवर मिळतात, एका सुवर्णनाण्याला एक. म्हणून संपत्ती कशी आहे, किती जड आहे, भिजली तर काय होतं, याला महत्त्व येतं. तुम्ही कापडाच्या घरातल्या आहात. नाण्यांच्या पेट्या कमी करा आणि दालनात रेशमी कापडाचे गठ्ठे ठेवा. मौल्यवान, अवजड आणि पाणी लागलं की निम्म्या किमतीचे. ते चढत्या पाण्यातून वर कसे न्यायचे? गठ्ठा भिजला की किती जड होतो, दोघांनी कसा उचलायचा, दोर कुठे बांधायचा, हे तुमच्याइतकं कोण सांगेल? हे तपशील मला तुमच्या पानांत हवे आहेत.

लिहिताना दालनाची नोंद अशी करा, की टेबलावर बसलेल्या माणसाला ती एका नजरेत वापरता यावी. दार उघडल्यावर दिसतं ते आधी. जवळ गेल्यावर कळतं ते नंतर. लपलेलं शेवटी. ‘ओलं दालन. गुडघाभर पाणी, उत्तरेला खिडकी, खिडकीबाहेर धबधब्याचा आवाज, त्यात बोलणं ऐकू येत नाही. पाण्याखाली तीन सांगाडे, एसी 7, हिट डाइस 1, नुकसान 1डी6, मोराल 12. खिडकीच्या चौकटीत पितळी कडी, ओढली तर दालन 9 मधली मोरी उघडते.’ बस. (एसी म्हणजे आर्मर क्लास, घाव लागणं किती अवघड ते; हिट डाइस म्हणजे जीव किती फाशांचा; 1डी6 म्हणजे सहा बाजूंचा एक फासा; मोराल म्हणजे न पळता लढण्याची हिंमत.) कोण राजा, कुणाचा शाप, कुठल्या शतकात, हे पहिल्या पानावर पाच ओळींत. तुमच्या पत्राबरोबर आलेल्या नमुन्यात एका दालनाला अडीच पानांचा इतिहास आहे. खेळ चालू असताना तो वाचायला डीएमला वेळ नसतो आणि खेळणाऱ्यांना तो कधी कळतच नाही. एका दालनाची सगळी माहिती समोरासमोरच्या दोन पानांतच मावली पाहिजे, पान उलटायला लागू नये. आणि प्रत्येक भेट लढाईचीच नको. जुन्या नियमांत भेटलेल्याची वृत्ती दोन फासे टाकून ठरते, त्यामुळे बांधावरचा पहारेकरी तंबाखू मागूनही वाट देऊ शकतो. त्याला काय हवं आहे, हे मात्र एका ओळीत लिहून ठेवा.

मग परीक्षा. छापण्याआधी ही पानं तुमच्या गटातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या आणि त्याला डीएम करा. खेळणारे नवे हवेत, ज्यांनी हा डाव खेळलेला नाही. तुम्ही कोपऱ्यात वही घेऊन बसा आणि काही झालं तरी बोलू नका. तो जिथे अडखळेल, जिथे पान मागे उलटेल, जिथे तुमच्याकडे वळून बघेल, तिथे खूण करा. त्या खुणा म्हणजे तुमचं दुरुस्तीचं काम. सप्लिमेंट लिहिणाऱ्याचा आवाज पुस्तकाबरोबर जात नाही, म्हणून ही पायरी अजिबात गाळू नका.

कायद्याचं सांगते. खेळाची कल्पना, फासे कसे टाकायचे याची रीत, यावर कॉपीराइट नसतो. तो असतो ती मांडणाऱ्या शब्दांवर आणि चित्रांवर. आपल्याकडे 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कल्पना आणि अभिव्यक्ती यांतला हाच फरक स्पष्ट केला. त्यामुळे ‘हिट डाइस’ किंवा ‘आर्मर क्लास’ लिहायला भ्यायचं कारण नाही. मात्र कुठल्याही नियमपुस्तकातले परिच्छेद जसेच्या तसे उचलायचे नाहीत, आणि कव्हरवर दुसऱ्याचं बोधचिन्ह परवानगीशिवाय नाही. बिहोल्डर, माइंड फ्लेअर असे काही प्राणी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या कंपनीनं स्वतःची मालमत्ता म्हणून राखलेले आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. ऑर्क, गॉब्लिन सर्वांचे आहेत. तुमचे सांगाडे आणि मुंजे तर आहेतच.

परवान्यांची गोष्ट थोडी वळणाची आहे. 2000 मध्ये त्याच कंपनीनं, विझर्ड्‌स ऑफ द कोस्टनं, ओपन गेम लायसन्स आणलं, म्हणजे आपले नियम इतरांना वापरू देणारा परवाना. त्याच्या आधारावर 2006 मध्ये ‘ऑस्रिक’ आलं, मग ‘लॅबिरिंथ लॉर्ड’, ‘स्वॉर्ड्‌स अँड विझर्ड्री’, आणि 2019 मध्ये गॅव्हिन नॉर्मन यांचं ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’. जुन्या नियमांना नव्यानं मांडणाऱ्या या संचांमुळेच छोट्या प्रकाशकांना सप्लिमेंटं काढता आली. जानेवारी 2023 मध्ये त्या परवान्याची मान्यता काढून घेण्याचा मसुदा बाहेर फुटला, प्रकाशक आणि खेळणारे खवळून उठले, आणि त्याच महिन्याच्या 27 तारखेला कंपनीनं माघार घेऊन पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंग्रह क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आणला. तेव्हापासून बरेच जण क्रिएटिव्ह कॉमन्सकडे वळले. ‘बेसिक फॅन्टसी’ची चौथी आवृत्ती आणि ‘केर्न’ हे दोन्ही गेम आज त्याखाली मिळतात, तेही फुकट वाचायला. पण एक अट लक्षात घ्या : या दोघांचा मजकूर घेऊन तुम्ही काही केलंत, तर तुमचं कामही त्याच परवान्यानं खुलं ठेवावं लागतं. फक्त ‘यांच्या नियमांशी जुळतं’ एवढंच असेल आणि मजकूर सगळा तुमचा असेल, तर तो प्रश्न येत नाही. ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’शी जुळतं असं त्यांच्या चिन्हासह छापायचं असेल, तर त्यांचा इतर प्रकाशकांसाठीचा परवाना आहे. तो शब्दन्‌शब्द वाचा आणि मागतात ती ओळ मागतात तशीच छापा.

आता तुमचा मित्र. तुमच्या पत्रातला हाच भाग मला सर्वांत नाजूक वाटला. नकाशे त्यानं काढले आहेत, म्हणजे कायद्यानं ते त्याचेच आहेत. तुमच्या टेबलावर बसून काढले म्हणून तुमचे होत नाहीत. हक्क तुमच्याकडे घ्यायचे तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखी आणि सहीनिशी घ्यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर ती पाचच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तेव्हा तोंडी ‘बघू रे नंतर’ नको. माझं मत विचाराल तर त्याची मागणी अवाजवी नाही. कादंबरीत चित्रं असली काय नसली काय, डंजनच्या पुस्तकात नकाशा हाच अर्धा मजकूर असतो. पाणीमहालाच्या पुस्तकावर त्याचं नाव कव्हरवर तुमच्या नावाशेजारी घाला आणि छपाईचा खर्च निघाल्यावरचा नफा निम्मा-निम्मा वाटा. बाकीच्या चौघांचंही थोडं खरं आहे. त्यांच्या पात्रांची नावं आणि करामती न विचारता वापरू नका. विचारून वापरा, किंवा बदला, आणि ज्यांच्यासोबत खेळून हे घडलं त्यांची नावं पहिल्या पानावर आदरानं छापा. हे सगळं छपाईच्या आधी बोला. सहा जणांचा टिकलेला टेबल कुठल्याही पुस्तकापेक्षा दुर्मीळ आहे.

मराठी की इंग्रजी? तुम्हीच लिहिलंय की टेबलावर तुम्ही मराठीत खेळवता, मध्येच तेलुगू, आणि कुणी चुकलं की ‘काय बे’. मग मराठीत लिहा. एसी, सेव्ह (संकटातून वाचायला टाकायचा फासा), मोराल हे शब्द आहेत तसेच ठेवा, खेळणारे तेच बोलतात. मराठी पुस्तिका छापील, आणि नंतर इंग्रजी पीडीएफ परदेशी वाचकासाठी वेगळं लिहा. पैसे जास्त करून इंग्रजीतूनच येतील, हे मी लपवत नाही. असे गेम ऑनलाइन विकणारे मंच आहेत. इच.आयओवर मंचाचा हिस्सा तुम्ही ठरवता, एरवी तो 10 टक्के धरलेला असतो. ड्राइव्हथ्रूआरपीजीवर फक्त तिथेच विकलंत तर 70 टक्के, नाहीतर 65 टक्के तुमच्या हाती येतात. पण मराठी आधी हवी, कारण तुमचा कान मराठीत आहे. इंग्रजी नमुन्यातली वाक्यं कुणाचीही असू शकतात.

डीटीपीवाला जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये सेटिंग करायला निघाला तर थांबवा. मजकूर युनिकोडमध्येच हवा, नाहीतर पीडीएफमध्ये शब्द शोधताच येत नाही, आणि डीएम खेळताना सतत शोधतो. ‘मुक्त’ किंवा ‘टिरो देवनागरी मराठी’ हे फाँट मोफत आहेत. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू केला नाही तर जोडाक्षरं फुटतात, ते पहिल्या प्रूफवरच तपासा.

छपाई ए5 आकारात, मॅपलिथो कागद, मधोमध पिना. पानं चारच्या पटीत. पहिल्या खेपेला 100 प्रती पुरे. इतक्या थोड्या प्रतींना डिजिटल परवडतं, चार-पाचशेच्या पुढे ऑफसेटचा विचार करा, दोन्हीचे दर दोन-तीन प्रेसमधून लेखी घ्या. कव्हर सुटं ठेवा आणि नकाशा त्याच्या आतल्या बाजूला निळ्या शाईत छापा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढणाऱ्या मूळ कंपनीची, टीएसआरची, सुरुवातीची मॉड्युलं अशीच यायची. डीएम ते कव्हर समोर उभं करून आडोसा करतो आणि नकाशा फक्त त्यालाच दिसतो.

जागांबद्दल एक विनंती. पाणीमहालावरून सुचलेलं लिहा, पण नाव बदला, भूगोल थोडा हलवा. आज जिथे पूजा चालते, जिथे समाधी आहे, दर्गा आहे, गड्ड्याला लोक जिथे नंदीध्वज घेऊन जातात, तिथे राक्षस आणि खजिना नको. आणि एल्फ-ड्वार्फांच्या जागी आपल्याकडच्या जाती बसवायचा मोह कुणी सुचवला तरी ठाम नाही म्हणा. जागा हव्याच असतील तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा 1884 चा सोलापूर खंड काढा. बाजाराची गावं, घाट, तळी, दुष्काळ, वाटा, एवढं सामान तुम्हाला पुढच्या दहा पुस्तिकांना पुरेल.

वडिलांशी भांडू नका, त्यांच्याकडे काम घेऊन जा. प्रेसचे तीन दरपत्रक त्यांच्यापुढे ठेवा आणि कुठला भाव खरा ते विचारा. माल ठेवून घेणारा आणि पैसे लांबवणारा दुकानदार कसा हाताळायचा, हे या जिल्ह्यात टॉवेलवाल्याइतकं कुणालाच कळत नाही, आणि पुस्तकाच्या दुकानात तुम्हाला नेमकं तेच भेटणार आहे.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन राय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून ऑनलाइन आणि मोफत मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. पुस्तक निघाल्यावर 1954 च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना 30 दिवसांत प्रत पाठवायची असते, तेवढ्या प्रती आधीच बाजूला काढा. आणि दुसऱ्या डीएमनं खेळवून झालं की तुमच्या खुणांसकट ती पानं मला पाठवा. मोरीचं दालन आधी वाचीन.